घड्याळवाल्या पिक्चरचा शेवट

खरं तर हे मी सांगायचं नाही असं ठरलंय. बाबांनी बजावलंय सांगायचं नाही, आईनं बजावलंय सांगायचं नाही, आणि शेजारच्या लालासाब चाचांनी तर डोक्यावर हात ठेवून वदवून घेतलंय की पोरी, हे तुझ्यात न् माझ्यात. आता तुम्हीच सांगा, एका गोष्टीसाठी तिघांनी तीन बाजूंनी एकच तोंड दाबून धरलं तर ते कुठंतरी उघडणारच की. आणि तुम्ही कागलहून एसटीत उभं राहून आलाय ते काय विचारायला, तर व्हीडिओ भाड्यानं कुठं मिळतो आणि जुन्या पिक्चरची कॅसेट कुणाकडं असते. अख्ख्या कोल्हापुरात हे विचारायला तुम्हाला आमचंच घर सापडलं.

बसा. बाबा न्हाणीत आहेत. ड्यूटीवरून आले की अर्धा तास काही बाहेर येत नाहीत, कंडक्टरच्या अंगावर चार तालुक्यांची धूळ असते म्हणतात. आई गिरणीत गेलीय. चहा घ्या तोवर. मी तशी बोलत नाही हो, शाळेत बाई म्हणतात ललिता तोंडात मिठाची गुळणी धरून बसते, पण हे मनात एवढं साठलंय ना, की आज गुळणी सांडणार असं दिसतंय.

तर तुम्हाला सांगते, ह्या सगळ्याला कारण मी. मी जन्माला आले हेच कारण.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबांना म्हणजे अण्णासो कंडक्टरांना त्या दिवशी सुट्टी होती आणि ते तीनच्या खेळाला गेले, एकटेच. आई घरात होती, पोटात मी. पिक्चर कसला, तर एका हवेलीत मोठं घड्याळ असतं, त्याचे काटे उलटे फिरवले की माणूस बारा वर्षं मागं जातो. हिरोच्या बहिणीचा खून झालेला असतो, म्हणून हा काटे फिरवतो, मागं जातो आणि खून व्हायच्या रात्री त्याच हवेलीत जाऊन पडद्यामागं उभा राहतो. पावलं वाजतात. एक माणूस येतो, पाठमोरा, हातात काळे हातमोजे. तो आता वळणार, तोंड दिसणार, एवढ्यात मध्यंतर. बाबा बाहेर गेले, चहा प्याले, परत येऊन बसले, दिवे गेले, आणि खुन्याचं तोंड दिसायच्या ऐवजी पडद्यावर काय आलं, तर पाटी. काचेवर शाईनं लिहून पडद्यावर दाखवायचे ना तेव्हा, तसली. ‘अण्णासो कंडक्टर यांनी ताबडतोब गेटवर यावे.’

गेटवर लालासाब चाचा. ते त्या टॉकीजला डोअरकीपर होते आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. म्हणाले, वैनीला थोरल्या दवाखान्यात नेलंय. बाबा गेले. आणि मी झाले.

झालं. पिक्चर त्याच आठवड्यात उतरला. रिळांची पेटी कुठं सांगलीला गेली, तिथून मिरजेला, तिथून कुठं ते देवाला ठाऊक. परत कधी लागला नाही. माणसं म्हणतात पोरगी झाली, लक्ष्मी आली. बाबा म्हणतात, “पोरगी झाली, पर माझा हिरो तितंच पडद्यामागं अडकला.” पंधरा वर्षं तो पडद्यामागं उभा आहे बघा. माझे गणितात मार्क कमी पडले की बाबा रागवत नाहीत, नुसते सुस्कारा टाकतात, “अर्धा पिक्चर सोडून आलतो हिच्यासाठी.” मला कांजण्या आल्या तेव्हा औषध पाजताना तेच, सहावीत बक्षीस मिळालं तेव्हाही तेच, फक्त जरा खुशीत. सांगा, मी काय ह्यांना पाटी लावा म्हणून सांगितलं होतं काय? मला लिहिता तरी येत होतं काय तेव्हा?

बरं, शेवट कुणाला तरी विचारावा की नाही? लालासाब चाचांनी तो पिक्चर रोज चार खेळ असा तीन आठवडे बघितला होता. त्यांना संवाद पाठ. भिंतीपलीकडं माणूस शेवट घेऊन बसलाय आणि ह्या बाजूचा माणूस कानावर हात ठेवून. कारण बाबांचं म्हणणं एकच. शेवट सांगायचा नाही. शेवट बघायचा असतो, सांगायचा नसतो. एकदा नेसरीच्या गाडीत कुणी उतारू दुसऱ्याला सांगायला लागला, “त्या घड्याळवाल्या पिक्चरात शेवटी काय होतंय...” बाबांनी काय करावं? ओढली घंटी, थांबवली गाडी, आणि म्हणाले, “पावणं, तुमचा ष्टॉप आला.” तो माणूस म्हणतोय, “अवो मास्तर, ह्यो तर ऊस हाय नुसता.” बाबा म्हणाले, “उसात उतरा, न्हायतर गप बसा.” बसला बिचारा गप, गडहिंग्लजपर्यंत.

आणि पिक्चरचं नाव. ते तर बाबा तोंडातूनच काढत नाहीत. दोनदा काढलं तर दोनदा कायतरी झालं म्हणतात, एकदा मी, दुसऱ्यांदा गाडीचा टायर. आई जसं बाबांचं नाव घेत नाही, तसं बाबा त्या पिक्चरचं नाव घेत नाहीत. घड्याळवाला पिक्चर, बस. त्यात भागवायचं.

मग आले व्हीडिओ. चौकाचौकात दुकानं निघाली, कॅसेटची कपाटं लागली, आणि बाबांच्या डोळ्यांत एकदम पाणी चढल्यासारखी चमक. म्हणाले, “ललिते, आता पिक्चर टॉकीजला लागायची गरज न्हाय. पिक्चर घरात येतोय. चल.” मी कशाला? तर नाव कोण घेणार? बाबा दुकानाच्या बाहेर सायकल धरून उभे, पाठ करून, कानात बोटं घालून, कारण दुकानदारानं चुकून शेवट सांगितला तर? आणि आत कोण, तर मी. जिला वर्गात ‘उपस्थित’ म्हणायला घाम फुटतो ती. आत चार बापई माणसं फळकुटाला टेकून उभी, मी जायची, नाव हळूच सांगायची, दुकानदार म्हणायचा, “जरा मोठ्यानं बोल की बाळ.” मोठ्यानं बोलले तर बाहेर बाबांना ऐकू जाणार, अपशकुन होणार. मग मी वहीत लिहून न्यायला लागले. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून.

पहिला म्हणाला, “असला कुठला पिक्चर न्हाय. भुताचा ने, भुताचा चांगला हाय.” दुसरा म्हणाला, “घड्याळ दुरुस्त करायचं असंल तर पलीकडं जा.” तिसऱ्यानं वही उलटीसुलटी बघितली आणि म्हणाला, हा पिक्चर मिळाला तर कळंब्याला मिळंल, तिथं एका दुकानात जुनंपानं सगळं असतंय. गेलो कळंब्याला. भर उन्हात, सायकलवर डबलशीट. वाटेत आमच्या गल्लीतल्या धोंडुबाई दिसल्या, तलावाकडच्या मळ्यातनं भाजी घेऊन येत होत्या. धोंडुबाई म्हणजे गल्लीची आकाशवाणी समजा. त्यांनी हाक मारली, “कंडक्टर, कुणीकडं?” बाबा म्हणाले, कळंब्याला. आता कळंब्याला जेल आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, धोंडुबाईंना तर आहेच. आम्ही तिथं पोचायच्या आत गल्लीत बातमी, की कंडक्टर पोरीला घेऊन जेलात कुणाला तरी भेटायला गेलाय. संध्याकाळी घरी आलो तर आई दारात, “कोण हाय आत? तुमचा भाऊ हाय व्हय? खरं सांगा, मी काय म्हणत न्हाय.” आणि कळंब्याच्या दुकानात काय मिळालं? काही नाही. तो दुकानदार म्हणाला, “होता. पर तो पिक्चर कोण नेत न्हाय म्हणून विकला मी. कोल्हापुरात फक्रुद्दीन म्हणून हाय एक, त्यानं नेलाय.”

आता ऐका. हा फक्रुद्दीन कोण? आमच्याच मागच्या गल्लीतला. आमच्या परसात उभं राहून हाक मारली तर ओ देईल इतक्या जवळ त्याचं दुकान. काखेत कळसा आणि कळंब्याला वळसा. मी तर सायकलवरच हसायला लागले. पण बाबांचा चेहरा उतरला. म्हणाले, “त्याच्याकडं नको.” का? “नको म्हणतोय न्हवं.” अहो पण का? “त्याचं मशीन चांगलं न्हाय.” पंधरा वर्षं ज्या पिक्चरसाठी जीव टांगलेला, तो मागच्या गल्लीत सापडलाय, आणि ह्यांना मशीन चांगलं नाही? मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी बारीक बघते असं सगळे म्हणतात, पण आपल्याच बापाकडं बारीक कोण बघतं?

मला वाटलं, हे दमले. आशा सोडली. आणि तुम्हाला खरं सांगते, माझंही एक होतं मनात. मला तो अर्धा पिक्चर माझ्या डोक्यावरून एकदा उतरवायचा होता. दहावीला बसायच्या आत. एकदा का ह्यांनी शेवट बघितला, की नंतर मला कुणी म्हणणार नाही, अर्धा पिक्चर सोडून आलतो. नुसती ललिता म्हणतील.

म्हणून मी एकटी गेले. फक्रुद्दीनमामा लग्नाचं शूटिंग करतात, कॅसेटी भाड्यानं देतात, आणि मशीन लावायला स्वतः घरी येतात. वही पुढं केली. त्यांनी वाचलं, कपाटाच्या अगदी खालच्या फळीवरनं एक कॅसेट काढली, फुंकर मारली, एवढी धूळ उडाली की मी शिंकले. म्हणाले, “हिला विचारणारी तूच पयली. रविवारी येतो मशीन घेऊन, सकाळची मालिका संपली की.” मी घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, “कॅसेट तू बघितलीस? तीच हाय? नाव तेच हाय?” तेच आहे म्हटलं. आणि काय झालं असेल ते असो, त्या घड्याळाची ओढ भारी पडली. म्हणाले, “आणू दे. काय हुईल ते हुईल.” मला वाटलं, हे मशीनबद्दल बोलतायत.

रविवारी रिक्षातनं टीव्ही आला, वाकळेत गुंडाळून, नव्या बाळासारखा. रंगीत. मागनं मशीन, त्यामागनं फक्रुद्दीनमामा, त्यामागनं सगळी गल्ली. धोंडुबाई पुढच्या रांगेत, मांडीवर निवडायला शेंगा घेऊन. बाबा मधोमध, इस्त्रीचा सदरा घालून. खिशात काय माहितेय? त्या दिवशीचं तिकीट, अर्धं फाडलेलं. पंधरा वर्षं पाकिटात जपलेलं. ते त्यांनी दारात उभ्या लालासाब चाचांना दाखवलं आणि चाचांनी ते हातात घेऊन, उजेडाला धरून, बघून परत दिलं. दोघांपैकी कुणी हसलं नाही. मग बाबांनी सगळ्यांना बजावलं, “ज्यानं ज्यानं बघितलाय त्यानं तोंड मिटायचं. शेवट सांगायचा न्हाय.” बघितलेले एकटे चाचाच. त्यांना सगळ्यात मागं बसवलं, आणि खैरुनबी चाचींना शेजारी, गरज पडली तर तोंडावर हात ठेवायला. त्यांनी दोनदा ठेवला. कारण पडद्यावर कुणी बोलायच्या आधी चाचांचे ओठ हलायचे.

पहिला अर्धा काय सांगू, झकास झाला. घड्याळ, हवेली, बहीण, खून. काटे उलटे फिरले तेव्हा धोंडुबाईंच्या हातातली शेंग फोडायची थांबली. हिरो पडद्यामागं गेला. पावलं वाजली. हातमोजे दिसले. ‘मध्यंतर’ अशी अक्षरं आली, आणि तुम्हाला सांगते, लालासाब चाचा उठले आणि जाऊन त्यांनी आमच्या दाराचा पडदा बाजूला सारला. सवय. चाची म्हणाल्या, “अवो, बसा खाली, घर हाय ह्ये.” सगळे हसले, बाबा नाही. बाबा हलले नाहीत. गेल्या वेळी मध्यंतरात उठले होते ना, ह्या वेळी मांडी मोडायचीच नाही असं ठरवून बसलेले. कपाळावर घाम. अक्षरं गेली. तो माणूस पाठमोरा. हळूहळू वळायला लागला... वळला... आणि टीव्हीवर मुंग्या आल्या, खरर्र झालं, आणि एकदम सनई.

आम्हाला वाटलं पिक्चरमध्येच लग्न असेल. मांडव. तोरणं. बेंडबाजा. माईकवर कुणीतरी ओरडतंय, “पावण्यांनी जागा सोडून उटू नये, अक्षता पोचत्यात.” बाबा म्हणाले, “ह्यो कुठला भाग?” फक्रुद्दीनमामा मशीनपाशी वाकले, आणि त्यांचा चेहरा... मी बघत होते ना, त्यांचा चेहरा खुन्यासारखा झाला. झालं होतं काय, तर गेल्या वैशाखात एका लग्नाच्या शूटिंगला त्यांच्याकडच्या कोऱ्या कॅसेटी संपल्या. पिशवीत ही एक होती, जिला कुणी हात लावत नाही. कॅसेटच्या मागं एक खुट्टी असते, ती मोडलेली असली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. ती मोडलेली होती. पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की भरता येतं. ह्यांनी लावली चिकटपट्टी. आणि ती कळंब्याच्या दुकानात असताना कुणीतरी अर्धी बघून, कंटाळून, मागं न फिरवता तशीच परत दिली होती, म्हणून लग्न सुरू झालं ते बरोबर अर्ध्यातनं. नंतर लग्नवाल्यांना नक्कल काढून दिली, आणि ही आपली खालच्या फळीवर, विसरून.

बाबा उठून उभे. म्हणाले, “बंद कर.” मला वाटलं, पिक्चर गेला म्हणून. पण आवाज निराळा होता. “फक्रुद्दीन, बंद कर म्हणतोय न्हवं.” तेवढ्यात आई म्हणाली, “थांबा की. ह्यो तर हंबीरराव.”

आता हंबीरराव कोण ते सांगायला पाहिजे. आईचे चुलतभाऊ, नेसरीचे. वैशाखात त्यांच्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका आली आमच्याकडं, हळदकुंकू लावून. खाली चाळीस नावं छापलेली. त्यात ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरचंही नाव. आणि आईच्या वडलांचं नाही. आईनं ती पत्रिका दोनदा वाचली, मला वाचायला लावली, मग चुलीत घातली आणि म्हणाली, “ज्या पत्रिकेत माझ्या बाचं नाव न्हाय, त्या मांडवात माझ्या घरचं कुत्रंबी जाणार न्हाय.” बाबा म्हणाले, “बरोबर हाय तुझं.” लग्नाच्या दिवशी नेमकी बाबांची ड्यूटी नेसरी गाडीवर. दुसऱ्या दिवशी आले ते म्हणाले, गाडी बंद पडली, रात्र मागच्या सीटवर काढली, चार शेंगदाणे खाल्ले आणि वर पाणी. आईचा जीव कळवळला. तेल कोमट करून पाय चोळले तिनं त्यांचे. मी दिवा धरला होता.

तर टीव्हीवर पंगत बसलेली. फक्रुद्दीनमामांना बटण सापडेना, का सापडवायचं नव्हतं कोण जाणे. पंगत हळूहळू सरकत आली. एक पावणा, दुसरा पावणा, तिसरा... आणि चौथा. गुलाबी फेटा. मिशीला बुंदीचा कण. वाढप्याला हातानं खूण करतोय, इकडं, अजून इकडं. आणि माईकवर, “अण्णासो पावण्यास्नी बुंदी वाढा, कोल्हापुरास्नं आल्यात.”

सगळ्या माना टीव्हीवरून बाबांकडं वळल्या. धोंडुबाई म्हणाल्या, “अगं सरू, ह्ये तर तुझं मालक.” जसं काही आईला ओळखायला मदत लागत होती.

आणि आई, माझी आई, जिला मशीनमधलं म कळत नाही, ती शांतपणे म्हणाली, “फक्रुद्दीन, जरा मागं घे की.” घेतलं. परत पंगत, परत फेटा, परत बुंदी. “अजून एकदा.” परत. “हात कसा केला ते दिसलं न्हाय नीट. मागं घे.” त्या पिक्चरमधल्या हिरोला जन्मात एकदाच मागं जाता आलं. आईनं बाबांना तीनदा नेलं. आणि तिन्ही वेळा ते बुंदीच मागत होते.

बाबा काय म्हणाले असतील? भांबावलेला माणूस काय बोलेल सांगता येत नाही बघा. म्हणाले, “गाडी बंद पडली होती, ह्ये तेवढं खरं हाय.” आई म्हणाली, “मांडवाम्होरंच पडली असंल.”

तेव्हा कळलं मला, फक्रुद्दीनचं दुकान का नको होतं ते. त्या मांडवात कॅमेरा घेऊन मामाच फिरत होते. आणि ती कॅसेट घरात कुणी आणली? मी. सुवाच्य अक्षरात नाव लिहून, खाली रेघ मारून. आधी अर्धा पिक्चर घालवला, आता उरलेलं घरही घालवलं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

आई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं एक मोठा डबा भरून बुंदी पाडली. आणि रोज दोन्ही वेळेला, बाबा जेवायला बसले की ताटात भाकरीच्या आधी बुंदी. आणि बोलायचं कसं, तर, “पावणं, वाढू? कोल्हापुरास्नं आलायसा, लाजू नका.” तीन आठवडे बाबा आमच्या घरात पावणं होते. निम्मं ताट मान खाली घालून खायचे, आणि मला हळूच विचारायचे, “ललिते, त्या कॅसेटच्या फुडं, लग्न संपल्यावर, कायतरी उरलं असंल काय गं शेवटाचं?” मी मामांना विचारून आले. काही नाही. लग्न संपल्यावर वरात, वरात संपल्यावर टेप.

मग एक दिवस मी चाचींच्याकडं दुधाचं भांडं परत द्यायला गेले आणि तिथंच मोरीपाशी रडायला लागले. बोलता येत नाही मला, रडता येतं. चाचा खाटेवर बसले होते. म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, माझ्यामुळं पिक्चर गेला, माझ्यामुळं बुंदी. चाचा म्हणाले, “पोरी, पंधरा वर्सं माझ्या पोटात एक गोष्ट हाय, ती आज काढतो. पिक्चरची न्हाय. आधी दुसरी.”

आता चाचांच्याच शब्दांत सांगते. म्हणाले, त्या दिवशी पाटी पडली, अण्णासो गेटवर आला. मी त्याला सांगितलं, वैनीला नेलंय, पर पयलं बाळंतपण हाय, लगीच काय होत न्हाय, माझ्या घरात चार झाल्यात. तासाभराचा पिक्चर उरलाय, बघून जा, मी सायकल तयार ठेवतो. तर तुझा बा म्हणाला, “लालासाब, पिक्चर परत लागंल. ह्ये परत लागायचं न्हाय.” आणि पळाला. एक चप्पल गेटात राहिली, तिच्याकडं वळून बघितलं न्हाय. ती चप्पल मी दवाखान्यात नेऊन दिली, तवा तू झालीस न् अण्णासो अनवाणी उभा होता एका पायानं.

बघा आता. हे बाबांनी डोअरकीपरला सांगितलं. मला काय सांगितलं? अर्धा पिक्चर सोडून आलतो. पंधरा वर्षं.

मी डोळे पुसले. मग चाचा म्हणाले, आता शेवट ऐक, एकदा कुणाला तरी सांगू दे मला, न्हायतर मी बरोबर घेऊन जाईन. आणि सांगितला. उठून, हातवारे करून, हिरोचा, खुन्याचा, बहिणीचा, तिघांचेही आवाज काढून. चाचींनी तोंडावर हात ठेवला नाही. संपलं तेव्हा मी म्हटलं, “एवढंच?” चाचा म्हणाले, “एवढंच. लई पडेल शेवट हाय, पोरी. मानसं खुर्च्या आपटून उठायची. तिसऱ्या आठवड्यात उतरला त्यो काय उगंच?” आणि मग म्हणाले, “म्हणून अण्णासोला न्हाय सांगितलं. त्यानं पंधरा वर्सांत चाळीस शेवट केल्यात मनात. कधी दिवाणजी खुनी, कधी डाक्टर. पार गडहिंग्लजपर्यंत मला बसमधनं सांगत नेलाय. त्यातला एकबी खऱ्यापेक्षा वाईट न्हाय. तूबी सांगू नको.”

म्हणून सांगितलं नाही. परवा बाबांनी परत सुस्कारा टाकला, अर्धा पिक्चर सोडून आलतो हिच्यासाठी, तर मी पहिल्यांदाच म्हटलं, “व्हय, आणि एक चप्पलपण.” ते चमकले. माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, चाचांच्या बाजूच्या. मग ताटातली बुंदी माझ्या ताटात सारली आणि म्हणाले, खा. आईनं बघितलं, पण पावणं म्हणाली नाही त्या वेळी. कालपासून नुसतं ‘अवो’ म्हणतेय. डब्यात बुंदीही संपत आलीय म्हणा.

तर तुमचं काम. मशीन फक्रुद्दीनमामांकडंच घ्या, मागच्या गल्लीत, माणूस चांगला आहे. पण कॅसेट आधी शेवटपर्यंत फिरवून बघा, आणि त्या वर्षात कुणाच्या लग्नाला चोरून जेवला असाल तर आत्ताच घरात सांगून टाका. काय म्हणता? शेवट? तुम्हीपण... नको हो. सांगायचा नाही असं ठरलंय. बरं, न्हाणीचं दार लावलेलं आहे, पाण्याचा आवाज येतोय, हळू सांगते, जवळ या. तर तो खुनी वळतो, हातमोजे काढतो, हिरो पडद्यामागनं बाहेर येतो, घड्याळाचा काटा हातात धरतो, आणि त्याचं तोंड बघून म्हणतो, “अरे, तू तर माझा...”

आले, बाबा.

आले. पडली पाटी. टॉवेल विसरलेत. बसा तुम्ही, चहा निवतोय तो घ्या, पंधरा वर्षं काही बसायला लागणार नाही, टॉवेल दिला की येतेच, तेवढ्यात बाबा बाहेर आले तर दुसरं कायपण विचारा, फक्त त्यांच्यासमोर शेवट